वेगळं डालगं

मुरगूडच्या बाजारातनं चार तलंगा आणल्या.
वडापमध्ये माझ्या पायांशी पिशवी, चोची तेवढ्या बाहेर.
विकणारी सोनग्याची. नोटा मोजून कनवटीला लावल्यावर म्हणाली,
"करडीला जरा जपा. शिंकती ती."
पैसे घेतल्यावर सांगितलं. आधी नाही.

घरची जुनी एकच उरली आहे, बोडक्या मानेची.
तिच्यात यांना पंधरा दिवस सोडायचं नाही
हे मला कुणी शिकवायला नको.
न्हाणीमागं वेगळं डालगं, वेगळी थाळी,
पाण्यात गुळाचा खडा.
वाटेनं दमलेल्याला आधी गूळपाणी,
मग काय विचारायचं ते विचारावं.

अंगणवाडीत सव्वीस वर्षं पोरं तोलते मी.
शनिवारी वजनकाटा घरी आणला
(बाईंना सांगू नका)
आणि पोरांच्या झोळीत एकेक तलंग बसवली.
काळी एक किलो शंभर. तांबड्या दोघी किलोला जरा कमी.
करडी सातशे.
वहीत तिच्यापुढं लाल टिंब दिलं
आणि हात तिथंच अडला,
सवयीनं पुढचा रकाना शोधत होता:
आईचं नाव.

रात्री बॅटरी घेऊन बसायचं.
शिट पांढरी का हिरवी,
तुरा फिका का काळपट,
मान तिरकी धरते का उगाच भास.
मानमोडीचं नाव दिवेलागणीनंतर तोंडानं काढत नाहीत,
मनात काढलं.
पंखाखाली बोट घातलं तर पिसवा,
मग निपाणीच्या तंबाखूच्या काड्या पसरल्या तळाला.
नवरा म्हणाला, "माझ्या खोकल्याला उठलीस का कधी अशी?"
म्हटलं, तुमचा खोकला अख्ख्या गल्लीला कळतो,
हिची शिंक कोण ऐकणार.

मगदूम डॉक्टरांनी विचारलं, "लस टोचल्याचं काय कागद?"
बाजारच्या कोंबडीला कागद!
"मग ह्या दगदगीत आता लस नको. आठ दिवस बघत राहा."
बघत राहा.
गोळी असती तर बरं झालं असतं,
गोळी देऊन माणूस झोपतो तरी.

चौथ्या दिवशी काळी मेली.
काळी. किलो शंभरची, वहीत हिरव्या टिंबाची.
सकाळी पाय वर. ना शिंक, ना झिंग.
खोल खड्डा काढला, चुना घातला.
तानूबाई कुंपणापलीकडनं म्हणाली, "रस्सा झाला असता की."
मी खोरं आपटून माती दाबली.

तेव्हा सर्जेराव आठवला, माझा धाकटा.
त्या साली पुण्याहून आला तर शाळेत ठेवलेला, चौदा दिवस.
भाकरी मीच न्यायची, पायरीवर ठेवून मागं सरायची.
खिडकीतनं म्हणायचा,
"आक्का, मला काय झालेलं न्हाई गं."
मी लांबनं त्याच्या शिंका मोजायची.
त्याला खरंच काही झालं नव्हतं.
पण अजून आला की
उंबऱ्याच्या बाहेरच थांबतो
आणि तिथनंच पाणी मागतो.

तेरावा दिवस. करडी आठशे वीस. शिंकते अजून.
सोनग्याला फोन लावला. म्हटलं, काळी गेली.
ती गप्प. मग हळूच, "आणि करडी?"
आहे म्हटलं.
"धुरानं शिंकती ती. आमच्यात बी चुलीम्होरं असली की शिंकायची."

मी मागं जाऊन बघितलं.
पाणी तापवायची चूल, आणि तिच्यापासनं तीन हातांवर,
बरोब्बर धुराच्या तोंडाला,
माझ्या हातानं जपून वेगळं ठेवलेलं डालगं.

उचलून पेरूखाली नेलं.
दोन दिवस अजून बाकी आहेत, पण सांजेला
जुनी बोडकी आपली आपण आली
आणि डालग्याला टेकून बसली.
हाकलली नाही.
बॅटरी विझवली तेव्हा एक शिंक ऐकू आली,
आतली का बाहेरची
अंधारात समजलं नाही.